नेवेनाच्या एक हजार ऐंशी फेऱ्या

नेवेना द्रुमेवा आमच्या कार्यालयात कामाला आली ती स्वतःची खुर्ची घेऊन. पंपांचा कारखाना बंद पडला, सामानाचा लिलाव झाला, तेव्हा बावीस वर्षं जिच्यावर बसून तिने उत्पादनाचं नियोजन केलं ती खुर्ची तिने सोडवून आणली होती. आमचे प्रमुख डॉक्टर ग्रुएव्ह दारातच म्हणाले, "अगं, खुर्च्या आहेत आमच्याकडे. माणसं नाहीत."

"तुमच्या खुर्च्या मी पाहिल्यात, डॉक्टर," ती म्हणाली, आणि खिडकीजवळ जागा करून बसली. पुढची सहा वर्षं ती तिथेच बसत होती.

तिच्याबद्दल लिहावं असं मला फार उशिरा वाटलं. मला लिहायची सवय नाही. फाईलच्या पाठीवर नाव आणि तारीख, याहून जास्त मी क्वचितच काही लिहिलं असेल. पण जे घडलं त्यातला एक भाग मी सोडून फार थोड्यांना माहीत आहे, आणि ते सांगणार नाहीत.

आमचं कार्यालय म्हणजे अपंगत्व ठरवणारी वैद्यकीय समिती. तीन डॉक्टर बसायचे, कागद वाचायचे, माणसाला तपासायचे आणि किती टक्के ते ठरवायचे. त्या टक्क्यांवर पेन्शन, चाकाची खुर्ची, प्राणवायूचं यंत्र, सगळं अवलंबून. डॅन्यूबच्या काठचं हे जिल्ह्याचं गाव. तरुण मंडळी इटलीत आणि स्पेनमध्ये गेलेली, मागे राहिलेल्यांची फुप्फुसं, गुडघे आणि हृदयं आमच्या वाट्याला. अर्ज दिल्यापासून बैठकीपर्यंत सात महिने लागत. मी काचेच्या भिंतीपलीकडे फायली सांभाळत असे. मला सगळे चिचो मेतोदी म्हणत, मेतोदीकाका.

नेवेना उंच, सडसडीत, केस स्वतःच कापणारी बाई होती. दुपारी पाव, पांढरं चीज आणि टोमॅटो. हिवाळ्यात टोमॅटोऐवजी बरणीतली भाजलेली मिरची. नवरा स्पेनला गेला आणि परत आला नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "तो तिकडे रमला." पुढे कुणी विचारत नसे. कारखान्यात ती ज्यांच्यासोबत होती त्यातल्या बऱ्याच जणांच्या फायली आता माझ्या कपाटात होत्या. ती कधी कुणाची फाईल वर काढायला सांगत नसे. एकदाच, रंगखात्यातल्या मिंका पेत्रुनोवाची फाईल रांगेत कुठे आहे एवढं तिने विचारलं होतं. मी सांगितलं, ती मान हलवून गेली.

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फाईल बंद करताना संगणकात शेऱ्याचा आकडा टाकावा लागे. सात म्हणजे निकाली. नऊ म्हणजे अर्जदार मयत. नऊ टाकायचा तर मृत्यूचा दाखला जोडावा लागे. म्हणजे कुठल्यातरी खेड्यातल्या म्हातारीने, नवऱ्याला पुरून आठवडा झाला नाही तोच, बस पकडून आमच्या खिडकीशी यायचं. पहिल्या वर्षी मी अशा काही बायका पाहिल्या. एकीने विचारलं, "आता हे कशाला लागतं रे, बाळा?" माझ्या आधीच्या बाईंनी जाताना एक युक्ती सांगून ठेवली होती. त्या दिवसापासून मीही ती वापरू लागलो. नऊच्या जागी सात टाकायचा. साताला काही जोडावं लागत नसे.

कोण गेलं ते कळायला अडचण नव्हती. आमच्याकडे माणूस गेलं की घरचे त्याचा फोटो आणि तारीख छापलेला कागद दारावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटवतात. मी सकाळी येताना बसथांबा, बेकरीची भिंत आणि चर्चचं फाटक वाचत येई. फायलीतलं नाव दिसलं की खिशातल्या कागदावर टिपून घेई. खेड्यांतलं बसचे ड्रायव्हर सांगत. टेबलाशी बसलं की त्या त्या तारखेला सात. मी खोटं लिहितोय असं मला वाटत नसे. एका बाईची एक खेप वाचली, एवढंच वाटे.

नेवेनाच्या सहाव्या वर्षी राजधानीहून, सोफियाहून पत्र आलं. आमच्या विभागात तीन समित्या होत्या, दोन मोठ्या शहरात आणि एक आमची. तिन्हींची गरज आहे का, दोन पुरतील का, की एकच पुरेल, हे राजधानीला ठरवायचं होतं, आणि त्यासाठी एक प्रोग्राम पाठवला होता. त्यात कार्यालयाचं काम चौकटी आणि बाण काढून मांडायचं. अर्ज किती येतात, प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते भरायचं. मग प्रोग्राम ते कार्यालय स्वतःच्या पोटात चालवतो, वर्षांमागून वर्षं, दोन-दोन मिनिटांत. हे काम नेवेनाकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं.

"म्हणजे व्हिडिओ गेम," डॉक्टर ग्रुएव्ह म्हणाले.

"हो. फक्त यात कुणी जिंकत नाही."

नोंदी आमच्याच घ्यायच्या असं ठरलं. सोफियाच्या साल्तिरोव्ह नावाच्या इंजिनियरने फोनवर सांगितलं की सगळ्या विभागात आमच्यासारख्या स्वच्छ नोंदी कुणाच्या नाहीत. शहरात शेकडो फायली वर्षानुवर्षं उघड्या पडल्यात, आमच्याकडे एकही लोंबकळत नाही. डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर चॉकलेटचा डबा दिला. मी तो टेबलावर ठेवला.

तीन आठवडे ती मांडत होती. समित्या एक, दोन किंवा तीन. कारकून दोन ते पाच. आठवड्याला बैठकीचे दिवस दोन, तीन किंवा चार. सगळ्या जोड्या मिळून छत्तीस. आणि प्रत्येक जोडी तीस वेळा चालवायची, म्हणजे एक हजार ऐंशी फेऱ्या, एकापाठोपाठ एक, आपोआप. मला तीस वेळा कशाला ते कळेना.

"रविवारी तुम्ही चौकात फासे खेळता ना, चिचो मेतोदी?"

"हरतो."

"एकदा हरलात म्हणून वाईट खेळाडू ठरत नाही. नशीब असतं. तीस डाव हरलात तर मग नशिबाला बोल लावता येत नाही."

"मग माझं ठरलंच म्हणायचं."

ती हसली. तिने दाखवलं की प्रत्येक फेरीला वेगळा सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो, त्यातून त्या फेरीचं नशीब निघतं. तोच आकडा राहिला तर तेच वर्ष तीस वेळा येईल. आणि पहिल्या वर्षाचे निकाल ती फेकून देणार होती. "प्रोग्राम रिकाम्या कपाटाने सुरुवात करतो," ती म्हणाली. "तुम्ही कधी रिकामं कपाट पाहिलंय का इथे?"

मग तिने तो प्रश्न विचारला. तिच्या हातात यादी होती.

"या फायली बैठकीला गेल्याच नाहीत आणि तरी सात. कागदांवरूनच निकाल लागलेत का?"

कागदांवरून निकाल देण्याची सोय नियमात होती, वर्षाला दहा-बारा वेळा वापरलीही जाई. पलीकडे डॉक्टर ग्रुएव्ह उभे होते, टेबलावर तो चॉकलेटचा डबा अजून होता. मी म्हणालो, "हो. तसंच काहीतरी."

तिने विश्वास ठेवला. आपल्या आकृतीत तिने बाजूला एक लहानसं दार काढलं. वाट पाहणारी फाईल काही काळाने त्या दाराने निकाली निघू शकत होती, आमच्या नोंदींत जितक्या निघाल्या त्या प्रमाणात.

शुक्रवारी तीन वाजता तिने सगळ्या फेऱ्यांची ती बॅच सुरू केली. कीबोर्डवर कागद ठेवला: हात लावू नये. सफाईवाल्या बाईंनी तो वाचून विचारलं, "धूळसुद्धा राहू द्यायची का, मॅडम?"

"धूळही राहू द्या. सोमवारपर्यंत सगळं जसंच्या तसं."

सोमवारी तक्ता तयार होता. छत्तीस ओळी. तीन समित्या असताना सात महिने. दोन असताना साडेसात. एकच असली तर आठच्या जरा वर. नेवेनाने त्या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

"असं होत नसतं," ती म्हणाली. "तीनातली दोन दारं लावली तर रांग वाढतेच."

"आपण हुशार आहोत, बाई. मान्य करून टाक," डॉक्टर म्हणाले. मग त्यांना अर्थ कळला. दोन पुरत असतील तर तिसरी, म्हणजे आपली, कशाला? ते खाली बसले. शहर एकशे अठरा किलोमीटरवर होतं. सकाळी एक बस, दुपारी चारला परत. जी माणसं आमचा जिना चढताना दोनदा थांबायची ती तिथे कशी जाणार होती, हा एवढाच प्रश्न होता. पुढे जे झालं ते सगळं त्याच्याभोवती.

तक्ता त्याच दिवशी पाठवायचा होता. तिने पाठवला, खाली लिहिलं की निकाल विचित्र वाटतो, तपासते आहे. मग तिने तपासलं. फेऱ्या तीसच्या साठ केल्या. सुरुवातीचे आकडे बदलले. एकाऐवजी दोन वर्षं फेकून दिली. तक्ता हलेना. गुरुवारी ती प्रोग्राम सोडून नोंदींकडे वळली, आणि बाजूच्या दाराने गेलेली नावं एकेक करून वाचायला बसली.

दुपारी ती माझ्या कपाटांमध्ये आली. हातात एकच ओळ लिहिलेला कागद.

"मिंका पेत्रुनोवा. मागच्या वर्षी चौदा मार्च. निकाली."

मी हातातली फाईल कपाटात परत ठेवली.

"चौदा मार्चला मी तिच्या घरी होते. तिचा हात माझ्या हातात होता. गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तिच्या नावाचा गोड गहू खाल्लाय मी. काय निकाल लागला तिचा, चिचो?"

मी सगळं सांगितलं. सात आणि नऊ, म्हाताऱ्या बायका, बसथांबा, खिशातले कागद. ती फायलींच्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसून ऐकत होती.

"म्हणजे माझ्या त्या दाराने माणसं मरत होती," शेवटी ती म्हणाली. "रांग लांबली की जास्त मरतात. जास्त मेली की रांग आखूड होते. म्हणून डॉक्टर कमी केले तरी काही बिघडत नव्हतं. प्रोग्रामने बरोबरच सांगितलं."

"किती असतील, मी मोजले नाहीत."

"मी मोजलेत. चार वर्षांत तेराशे सहा."

ती शिडीच्या दांड्याला धरून उठली. मग म्हणाली, "हे लिहावं लागेल. का झालं, कसं झालं, सगळं. नाहीतर कुणी मानणार नाही."

"पेन्शनला माझी दोन वर्षं राहिलीत, नेवेना," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. पण सरकारी नोंदीत तेराशे वेळा खोटा शेरा म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या वाक्यात मी काय मागत होतो ते तिला कळलं, आणि तिला कळेल हे मला बोलण्याआधी ठाऊक होतं.

तिने आकृतीतलं बाजूचं दार काढून टाकलं, आणि वाट पाहताना किती मरतील ते वेगळं मोजायला लावलं. त्या तेराशे जणांना तिने वाट पाहणारी माणसं म्हणून पुन्हा रांगेत उभं केलं. शुक्रवारी पुन्हा बॅच, पुन्हा कीबोर्डवर कागद. सोमवारी नवा तक्ता आला. दोन समित्या: सोळा महिने, आणि वाट पाहणाऱ्या चारांतला एक बैठकीपर्यंत पोचत नाही. एकच समिती असेल त्या ओळी तिने मला दाखवल्या नाहीत. तिने तो तक्ता सोफियाला पाठवला आणि लिहिलं की पहिल्यात सदोष नोंदी होत्या, त्या वगळल्या आहेत.

साल्तिरोव्हचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तिच्या फोनचा रिसीव्हर मोडका होता, त्यामुळे त्याचा आवाज खोलीभर ऐकू येई. काचेपलीकडे मलाही.

"द्रुमेवाबाई, मागच्या आठवड्यात साडेसात म्हणालात, आता सोळा. आठवड्याभरात काय झालं तुमच्या गावात?"

"गावात काही झालं नाही. नोंदी चुकल्या होत्या."

"कुठल्या?"

"बैठकीविना निकाली निघालेल्या."

"चुकल्या म्हणजे काय? कुणी चुकवल्या?"

तिने काचेतून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात एक फाईल होती. मी तिच्यावरचं नाव वाचू लागलो. आजही ते नाव मला आठवतं.

"दोष आहे, इतकंच लिहू शकते," ती म्हणाली.

"बाई, तुमच्याच नोंदी सगळ्यात स्वच्छ म्हणून घेतल्या. आता तुमचंच कार्यालय बंद व्हायची वेळ आली तर त्याच नोंदी सदोष. मी वरच्यांना काय सांगू? उद्या प्रत्येक गाव आपल्याला नको ते आकडे काढून टाकेल." तो वाईट माणूस नव्हता, त्याचा आवाज खाली आला. "सांगा ना काय ते. मी स्वतः येऊन बघतो."

तिने समोरचा तक्ता उलटा करून ठेवला.

"द्रुमेवाबाई?"

"नाही सांगू शकत."

"मग पहिलाच तक्ता राहील."

डॉक्टर ग्रुएव्हनी सगळं ऐकलं होतं. "अगं, बोलली का नाहीस? कुणाला पाठीशी घालतेस?"

"आकृती माझी होती," ती म्हणाली. "ते दार मी काढलं. विचारायला हवं होतं दहादा, मी विचारलं एकदा."

उन्हाळ्यात निर्णय आला. एक ऑक्टोबरला आमची समिती बंद झाली. फायली मी खोक्यांत भरून दिल्या, एकूण दोनशे अकरा खोकी, अक्षरवार लावून. डॉक्टर निवृत्त झाले. मला महसूल कचेरीच्या तळघरात उरलेली दोन वर्षं काढायला जागा मिळाली. नेवेनाला दोन महिन्यांची नोटीस होती. ते दोन महिने ती त्या रिकाम्या खोलीत येऊन बसली आणि शहरात जाणाऱ्यांचे कागद लावून देऊ लागली, कारण तिथे एक कागद कमी पडला तर माणसाला परत पाठवत. गुरुवारी सकाळी ती बसवरही जायची. मी दोन-तीनदा लांबून पाहिलं. ती एकेकाची पिशवी उघडून बघे, मग ड्रायव्हरला सांगे, "या काकांना पुढे बसवा, त्यांना मध्ये एकदा थांबावं लागेल." पहिल्या गुरुवारी अकरा माणसं होती. नोव्हेंबरात चार. बाकीच्यांनी प्रयत्न सोडला होता, किंवा बसमध्ये बसण्यासारखे राहिले नव्हते.

नोव्हेंबरच्या शेवटी मी एक निवेदन लिहिलं. दीड पान. तीन संध्याकाळी लागल्या. सात आणि नऊचं सगळं लिहिलं, माझं नाव लिहिलं, आणि ते घेऊन तिच्या घरी गेलो. ती सामान भरत होती. मिंकाच्या इटलीतल्या मुलीने तिला तिकडे काम बघून दिलं होतं. बोलोन्याजवळ एक म्हातारा होता, त्याला काही आठवत नसे, त्याला आंघोळ घालायची आणि भरवायचं.

तिने उभ्याउभ्या वाचलं.

"तारीख नाही घातली."

"म्हटलं, तुला विचारून घालावी."

"त्या फोनच्या आधी दिलं असतं तर उपयोग होता." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. "आता डॉक्टर गेले, इमारत विकायला काढली. समिती परत येणार नाही. फक्त तुम्ही आत जाल."

"मग मी काय करू?"

"ते मला विचारू नका, चिचो मेतोदी. तुमच्यासाठी मी एकदा ठरवलं. पुन्हा नाही ठरवणार."

तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "आलाच आहात तर या बॅगेवर जरा गुडघा दाबा. चेन लागत नाही." मी गुडघा दाबला, तिने चेन ओढली. कॉफी घेता का विचारलं, मी नको म्हणालो.

निवेदन मी पाठवलं नाही. दोन वर्षांनी पेन्शन पूर्ण मिळाली. लोक मला अजून भला माणूस समजतात, कारण मी त्या म्हाताऱ्या बायकांना खेपा घालायला लावल्या नाहीत, हे काही जणींना कसं कोण जाणे माहीत आहे. एकदोघी चर्चबाहेर थांबून माझा हात हातात घेतात. मी घेऊ देतो.

नेवेना अजून तिकडेच आहे. तो म्हातारा गेला, आता दुसऱ्या घरी आहे. मिंकाची मुलगी उन्हाळ्यात येते तेव्हा तिच्याकडून कळतं. गावाबद्दल नेवेना काही विचारत नाही, माझ्याबद्दल तर नाहीच. पण मोठ्या शहरातल्या रांगेबद्दल विचारते, आता किती महिने लागतात म्हणून. मुलीला ते कुठून माहीत असणार, ती माझ्याकडे येते, आणि मी गुरुवारच्या बसने जाऊन आलेल्यांना विचारून आकडा काढतो. पहिल्या वर्षी अकरा होता. नंतर चौदा. या उन्हाळ्यात मी एकोणीस सांगितला.

मुलीने माझ्यासमोरच फोन लावून तो कळवला. पलीकडे कागदाची सळसळ झाली, मग फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही," मुलगी म्हणाली. "लिहून घेतलं."